सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी मी पडतेच आहे. टेन्शनने खरंच शुद्ध जाते का?

गवतफूल:
नमस्कार मंडळी. खूप दिवस नुसतीच वाचत होते, आज लिहितेय कारण माझं ऐकून ऐकून घरच्यांचे कान किटलेत.

गेल्या आठ महिन्यांत मी पाच वेळा पडलेय. डोकं जरा हलकं झालं वगैरे नाही, सरळ खाली, शुद्ध जाऊन. पहिल्यांदा काउंटरच्या रांगेत, अर्धा तास उभी होते. मग मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून बोलत असताना. तिसऱ्यांदा रक्त तपासायला दिलं तेव्हा, म्हणजे सुई काढूनसुद्धा झाली होती. चौथ्यांदा पहाटे बाथरूमला उठले तेव्हा, आणि गेल्या महिन्यात बसमध्ये दांडी धरून उभी असताना.

सुरुवात दरवेळी सारखीच. आधी जांभया येतात, उगाच, एकामागून एक. मग वरच्या ओठावर घाम, पोटात ढवळतं, समोरचा माणूस पाण्याखालून बोलतोय असं ऐकू यायला लागतं आणि कडेकडेने काळं होत येतं. त्यानंतरचं आठवतं ते एकदम लोकांच्या चपला, नाकासमोर. मीटिंगच्या वेळी दोन फरश्यांच्या फटीत स्टेपलरची एक पिन अडकली होती, ती मी कितीतरी वेळ बघत होते आणि ही वस्तू काय आहे हेच मला कळत नव्हतं. वरून सगळे माझं नाव घेऊन ओरडतायत आणि मी पिन बघतेय.

ईसीजी, इको, २४ तासांचं होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र, त्या २४ तासांत अर्थातच काही झालं नाही), एमआरआय, शुगर, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. बस, एवढंच. आता घरात सगळ्यांना ते वाक्य मिळालंय, काही बोललं की "डॉक्टर काय म्हणाले? टेन्शन घेऊ नको." जसं काही मी बाजारात जाऊन विकत आणते टेन्शन.

आणि आता पडायची भीतीच इतकी बसलीय की रांग दिसली की मी मागे फिरते, बसमध्ये जागा नसेल तर बस सोडते, घड्याळावर दिवसातून पन्नास वेळा पल्स बघते आणि बघितली की ती वाढलेलीच असते. मग बोटांना मुंग्या, डोकं हलकं, आता पडणार असं वाटतं, पण तेव्हा पडत नाही. जेव्हा पडते तेव्हा बऱ्याचदा मनात काही नसतंच. हे काय आहे? कोणाला असा अनुभव?

उगाच_एक:
सेम. तीन वेळा. मी तर जिथे जाईन तिथे आधी पडायला मऊ जागा कुठे आहे ते बघतो. वाचतोय, धागा वर ठेवा.

जुना_खांब:
ताई, फार मनावर घेताय तुम्ही. हल्ली जो तो रिपोर्ट काढत सुटतो. रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग देवाचे आभार माना. खोल श्वास घ्या, बी१२ घ्या, मोबाईल कमी करा. आमच्या वेळी कोणी बेशुद्ध पडलं की तोंडावर पाणी मारायचे, उठून कामाला लागायचे. नाटकं नव्हती.

अर्धविराम:
काकांना नंतर उत्तर देते, आधी गवतफूलला काही प्रश्न. आपल्याकडे ना "चक्कर" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. घर गोल गोल फिरतंय ती एक चक्कर, ती बहुतेक कानाच्या आतल्या भागाची. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती दुसरी. आणि शुद्धच जाते ती तिसरी. मी वर्षभर डॉक्टरकडे जाऊन नुसतं "चक्कर येते हो" म्हणत होते, त्यांनी मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं, तिथे कानात गार पाणी घालून वगैरे तपासण्या झाल्या, सगळं फुकट. चूक त्यांची नव्हती, मी सांगायचं तेच सांगितलं नव्हतं.

तर सांग:
किती वेळ शुद्ध नसते, बघणाऱ्यांना विचारून सांग. तू पांढरी पडतेस का? डोळे उघडे असतात की मिटलेले? हातपाय झटकतेस का, जीभ चावलीयेस का? शुद्धीवर आल्यावर लगेच भान येतं की अर्धा तास गोंधळ असतो? आणि पाचही वेळा उभीच होतीस का?

मोरपंखी:
वरचे प्रश्न बरोबर आहेत, त्यात माझे दोन घाल आणि प्लीज यांना हलक्यात घेऊ नकोस. पळताना, जिने चढताना, व्यायाम करताना कधी पडलीयेस का? बसलेली किंवा आडवी असताना? घरात कोणी तरुण वयात अचानक गेलंय का?

माझा नवरा सोफ्यावर आडवा पडून मोबाईल बघत होता, मोबाईल छातीवर पडला आणि हा गेला शुद्धीतून, काही सूचना नाही, घाम नाही, काही नाही. अर्ध्या मिनिटात उठून म्हणतो, डुलकी लागली. दुसऱ्यांदा खुर्चीत. ईसीजी नॉर्मल, होल्टर नॉर्मल, आम्हालाही हेच सांगितलं, कामाचा ताण असेल. मग दुसऱ्या डॉक्टरांनी लूप रेकॉर्डर बसवला, ठोके सतत नोंदवणारं यंत्र, पेनड्राइव्हपेक्षा लहान असतो, डाव्या बाजूला छातीवर कातडीखाली घालतात, साधारण तीन वर्षं चालतो. पाचव्या महिन्यात सापडलं, हृदय सात सेकंद थांबलं होतं. सात. मी ती कागदाची पट्टी बघितलीय, सरळ रेघ, पुढे परत ठोके. पेसमेकर बसवला, आता ठणठणीत आहे.

घाबरवायला लिहीत नाहीये. तुझं वर्णन त्याच्यासारखं अजिबात वाटत नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

गवतफूल:
बापरे मोरपंखी ताई. नाही, पळताना वगैरे कधीच नाही, पाचही वेळा उभीच. घरात तसं कोणी गेलेलं नाही.

अर्धविराम, नवऱ्याला विचारलं. पहाटे बाथरूमबाहेर पडले तेव्हा तो होता. म्हणाला, पांढरीफटक झाली होतीस, डोळे उघडेच पण बघत कुठेच नव्हतीस, हात दोनतीन वेळा झटकलास, तेव्हाच तर तो घाबरला, त्याला वाटलं फिट आली. जीभ नाही चावली. त्याच्या मते पाच मिनिटं, पण मग आम्ही दोघांनी घड्याळ लावून "तू ओरडलास, मग धावलास, मग उशी आणलीस" असं सगळं करून बघितलं तर जेमतेम चाळीस सेकंद भरले. लगेच नाव वगैरे सगळं सांगता आलं मला, फक्त दिवसभर अंगात त्राण नव्हतं.

अर्धविराम:
हे चाळीस सेकंदांचं नाटक करून बघितलंत हे फार भारी केलंत. लिहून ठेव, डॉक्टरांना हेच हवं असतं.

मी डॉक्टर नाही, फक्त नऊ वर्षं या प्रकारात मुरलेली पेशंट आहे. तू जे लिहिलंयस ना, लांब उभं राहणं, सुई, पहाटे अंथरुणातून एकदम उठणं, आधी जांभया आणि घाम आणि मळमळ, पांढरं पडणं, थोड्याच वेळात शुद्ध येणं, हे अगदी माझंच चित्र आहे. त्याला व्हासोव्हेगल म्हणतात. नाव जुनं आहे, थॉमस लुईस नावाच्या ब्रिटिश हृदयतज्ज्ञाने १९३२ साली रूढ केलं.

होतं असं की उभं राहिलं की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. सगळ्यांचंच उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, ठोके थोडे वाढवतं आणि मेंदूला पुरवठा चालू ठेवतं. आपल्यासारख्यांत मधेच उलटी कळ दाबली जाते, व्हेगस नावाची नस (रक्ताची नाही, मेंदूकडून हृदयाला निरोप नेणारी) ठोके कमी करते आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी धाडकन खाली. मेंदूचा रक्तपुरवठा सहाआठ सेकंद तुटला की दिवा गेला. आडवं पडलं की रक्त आपोआप डोक्याकडे येतं आणि दिवा परत येतो. म्हणजे पडणं हाच एका अर्थाने उपाय असतो, फक्त तो टेबलाच्या कोपऱ्यावर व्हायला नको. ते हात झटकणं पण मेंदूला रक्त कमी पडल्याने होतं, पुष्कळदा त्यालाच फिट समजून लोकांना वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात.

टेन्शनचा संबंध आहे का? आहे, पण घरचे म्हणतात तसा नाही. भीती, वेदना, रक्त दिसणं यांनी ती उलटी कळ दाबली जाऊ शकते. पण कळ शरीरात आहे. तू मनाने कमकुवत आहेस म्हणून पडत नाहीस.

"टिल्ट टेबल टेस्ट" झालीये का तुझी, टेबलावर झोपवून ते उभं करतात आणि बीपी, ठोके बघतात ती? नसेल तर विचार.

कोरी_पाटी:
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. मला पॅनिक आहे, सहा वर्षं. गवतफूलने शेवटी जे लिहिलंय, पल्स बघणं, मुंग्या, हलकं डोकं, आता पडणार पण पडत नाही, ते माझ्या घरचं. मला माझ्या थेरपिस्टने जे सांगितलं ते ऐकून मी हसलोच होतो. पॅनिकमध्ये बीपी वाढतं. शुद्ध जायला बीपी पडावं लागतं. म्हणजे ज्या क्षणी मला सगळ्यात जास्त वाटतं की आता कोसळणार, त्या क्षणी माझं शरीर कोसळण्यापासून सगळ्यात लांब असतं. अपवाद रक्त आणि सुईच्या भीतीचा, त्यात आधी बीपी वर जातं आणि मग खाली येतं, तिथे लोक खरंच पडतात.

मग हलकं का वाटतं? कारण आपण भराभर श्वास घेतो. कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, ओठांना बोटांना मुंग्या येतात. म्हणून काका, "खोल श्वास घ्या" हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही. मी लिफ्टमध्ये उभा राहून भात्यासारखे मोठमोठे श्वास घेतले होते आणि जास्तच गरगरलं होतं. हळू घ्यायचा, नाकाने, आणि सोडताना जास्त वेळ लावायचा. कागदी पिशवीत श्वास घ्यायचं मात्र कोणी सांगितलं तरी करू नका, दम्याचं किंवा हृदयाचं काही असेल तर अंगाशी येईल.

थोडक्यात तुझ्यात दोन वेगळ्या गोष्टी राहतायत असं मला वाटतं. एक पाडते, दुसरी घाबरवते.

उगाच_एक:
"एक पाडते, दुसरी घाबरवते". हे मी फ्रिजवर चिकटवतोय.

जुना_खांब:
बरं बाबा, कमी श्वास घ्या. पण एवढ्या टेबल टेस्टा करून शेवटी निघणार काय, मनाचंच निघणार. आमच्या शेजारी एक सूनबाई होत्या, कोणी बोललं की डोळे मिटून पडायच्या, वीस वीस मिनिटं. डॉक्टर आले की म्हणायचे पल्स चांगली आहे, बीपी चांगलं आहे. नाटक नाही तर काय?

निळी_शाई:
काका, मी ती सूनबाई आहे. म्हणजे तुमच्या शेजारची नाही, पण तीच.

हे मी कधी लिहिलं नव्हतं कुठे. माझं दिवसातून तीनचार वेळा व्हायचं. डोळे मिटलेले, पंधरा वीस मिनिटं. सगळं ऐकू यायचं कधीकधी, पण हात हलवता यायचा नाही. लोक चिमटे काढायचे, एकाने तर नखाखाली पेन दाबलं होतं, खरंच बेशुद्ध आहे का बघायला. ते मला आठवतंय, दुखलं होतं, आणि तरी हात ओढता आला नाही.

माझी टिल्ट टेस्ट ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवणाऱ्या, वायरी लावून केली. त्या टेबलावर मी "बेशुद्ध" झाले आणि बीपी, ठोके, ईईजी सगळं चांगलं राहिलं. मला वाटलं आता हे मला घालवून देतील. डॉक्टरीण बाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही खोटं करत नाही आहात, मुद्दाम करणारे वेगळे असतात. मेंदूवर भार जास्त झाला की तो स्वतःच फ्यूज उडवतो, वायरिंग जळालेलं नसतं, म्हणून तपासण्यांत दिसत नाही. याला मानसिक कारणाने येणारी, सिंकोपीसारखी (सिंकोपी म्हणजे रक्तपुरवठा कमी पडून शुद्ध जाणं) दिसणारी अवस्था म्हणतात, नाव लांबलचक आहे. निदान सांगितल्यावर पहिल्या महिन्यातच निम्म्याने कमी झालं, काही न करता, फक्त कोणीतरी विश्वास ठेवला म्हणून असेल. मग बोलण्याची थेरपी, आठ महिने. आता महिन्यातून एखादं.

गवतफूल, तुझं तसं नाही वाटत, तू पांढरी पडतेस, डोळे उघडे असतात, सेकंदांत परत येतेस. पण उद्या एखादी टेस्ट "मनाचं" म्हणाली तर ते दार बंद झाल्यासारखं समजू नकोस. आणि नवऱ्याला सांग, पुढच्या वेळी सुरक्षित आहेस बघितल्यावर व्हिडिओ काढायला. माझ्या बाबतीत सहा फायलींनी जे सांगितलं नाही ते दीड मिनिटाच्या व्हिडिओने सांगितलं.

मोरपंखी:
निळी_शाई, खूप प्रेम. पेनवाल्याला मी बघून घेतलं असतं.

जुना_खांब:
मला हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

भटकी_सावली:
अजून एक वेगळा प्रकार टाकते म्हणजे कोणी वाचलं तर उपयोगी पडेल. मला उभं राहिलं की बीपी पडत नाही, ठोके पळतात. पॉट्स म्हणतात. मोठ्या माणसांत उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत ठोके ३० किंवा जास्तने वाढले आणि बीपी फारसं पडलं नाही, आणि असा त्रास महिनोन्महिने चालू असेल तर त्याचा विचार करतात, विशीच्या आतल्या मुलांत ४०. मला दोन वर्षं "एन्झायटी" म्हणून गोळ्या दिल्या कारण ठोके पळतात, हात थरथरतात, सगळं घाबरल्यासारखंच दिसतं ना. पण मी झोपलेली असताना मला काहीच चिंता नसायची आणि उभी राहिले की लगेच "चिंता". एवढी शिस्तीची चिंता मी कुठे बघितली नाही.

घरी बघता येतं, पाच मिनिटं शांत आडवं पडून बीपी आणि पल्स, मग उभं राहून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला. एकटीने करू नकोस, शेजारी कोणी उभं असू दे आणि मागे पलंग असू दे. वरचं बीपी तीन मिनिटांच्या आत २० किंवा खालचं १० ने पडलं तर तो आणखी वेगळा प्रकार, माझ्या आईला होता, तिच्या बीपीच्या गोळीचा डोस जास्त होत होता. बदलला, थांबलं.

गवतफूल:
सगळ्यांचे आकडे आणि प्रश्न एका कागदावर लिहून घेतलेत. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. नवऱ्याने धागा वाचला, पहिल्यांदाच तो म्हणाला "अच्छा". त्याचं "अच्छा" म्हणजे मोठी गोष्ट आहे. 😀

विचारायचं होतं, तोपर्यंत काय करू? रोज ऑफिसला जायचंय.

अर्धविराम:
जांभई आली की ती तुझी घंटा. तिथून तुझ्याकडे अर्धा मिनिट ते दोन मिनिटं असतात, लाजण्यात घालवू नकोस. खाली बस, शक्य असेल तर आडवी हो, पाय वर. तेही शक्य नसेल तर पाय एकमेकांवर तिढा घालून घट्ट दाब, मांड्या आणि कुल्ले आवळ, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढ. २००६ साली यावर २२३ जणांचा अभ्यास छापून आला होता, नुसते सल्ले दिलेल्यांत निम्मे परत पडले, ही युक्ती शिकवलेल्यांत साधारण एक तृतीयांश. जादू नाही पण फुकट आहे.

सुईसाठी वेगळी, स्वीडनच्या लार्स-ग्योरान ओस्ट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात बसवलेली. हात, पाय, पोट दहा पंधरा सेकंद आवळायचं, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग सोडायचं, पण पूर्ण ढिलं नाही, नेहमीइतकंच. वीस तीस सेकंद थांबून परत, पाचेक वेळा. घरी रोज सराव कर. ज्या हातात सुई आहे तो मात्र सैल ठेव. आणि रक्त देताना आडवीच पड, स्पष्ट सांग "मी पडते".

पाणी भरपूर, लांब उभं राहायचं असेल तर आधी दोन ग्लास एकदम. मीठ वाढवायला काहींना सांगतात, पण ते डॉक्टरांना विचारूनच, बीपी किंवा किडनीचं काही असेल तर नाही. पहाटे उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून पाय हलव. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी चालवू नकोस, यात मी कोणाचं ऐकणार नाही.

मोरपंखी:
आजूबाजूच्यांनाही सांगून ठेव. उचलून खुर्चीत बसवायचं नाही, हे सगळ्यात जास्त चुकतं, बसवलं की रक्त परत खाली. जमिनीवर आडवंच ठेवायचं, पाय वर, शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी अजिबात नाही. उलटी येत असेल तर कुशीवर. एकदोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय, डोक्याला लागलंय किंवा श्वास नीट नाही, तर ॲम्ब्युलन्स. आणि उठल्यावर दहा मिनिटं गप पडायचं, "मी ठीक आहे" म्हणत उभं राहिलं की दुसरी फेरी ठरलेली.

कोरी_पाटी:
आणि ते घड्याळ काढून ठेव. महिनाभर. पल्स बघणं म्हणजे खपली काढून जखम भरलीय का बघणं.

(पाच आठवड्यांनी)

गवतफूल:
आले परत. टिल्ट टेबल झाली.

एका अरुंद टेबलावर झोपवतात, छातीला आणि गुडघ्यांना पट्टे, पायाखाली फळी. मग टेबल हळूहळू उभं करतात, ७० अंश, आणि बस, उभं राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, दिवे मंद. वीस मिनिटं काहीच नाही, मला वाटलं झालं, इथेही सगळं नॉर्मल येणार, आणि खरं सांगते मला रडू यायला लागलं की मी पडत का नाहीये. मग त्यांनी जिभेखाली एक स्प्रे मारला. पाचव्या मिनिटाला जांभई आली. मी म्हटलं, "आली", टेक्निशियन म्हणाले "येऊ द्या". नंतर कळलं, बीपी ११० वरून ५२ आणि ठोके ३८. टेबल आडवं केलं की दहा सेकंदांत मी परत. डॉक्टरांनी स्क्रीन फिरवून दाखवली आणि म्हणाले, हीच ना तुमची चक्कर? मी म्हटलं हीच. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती मला कागदावर दिसली.

व्हासोव्हेगल. गोळी सध्या काही नाही, पाणी, आवळणं, थोडं मीठ (माझं बीपी मुळातच कमी), पायात घट्ट मोजे. परत परत पडले तर गोळ्यांचा विचार करू म्हणाले.

भीती मात्र कागद बघून गेली नाही. कोरी_पाटी म्हणाला होता तसं दुसरीच गोष्ट आहे ती, तिच्यासाठी वेगळ्या बाईंकडे जातेय. त्यांनी पायऱ्या लिहून दिल्यात, आधी रिकाम्या बसमध्ये दोन स्टॉप उभं राहायचं, मग गर्दीत, मग रांग. सहाव्या पायरीवर आहे. घड्याळ ड्रॉवरमध्ये. मधे एकदा पडले, पण स्वतःहून, म्हणजे घंटा वाजली आणि मी सरळ दुकानाच्या फरशीवर आडवी झाले, पर्स डोक्याखाली. लाज वाटली, शुद्ध गेली नाही.

काल रांगेत होते. पायाला तिढा घातलेला, कुल्ले आवळलेले, बोटं अडकवून ओढतेय, तोंड लाल. मागच्या आजी हळूच म्हणाल्या, "बाळ, बाथरूमला जायचं असेल तर जा, तुझा नंबर मी धरते."

उगाच_एक:
😂😂😂 मी ऑफिसात वाचतोय, सगळे बघायला लागले. मीही टिल्ट टेस्टची तारीख घेतली.

निळी_शाई:
"मी पडत का नाहीये" म्हणून रडू येणं. अगदी. तिथे गेलेल्यालाच कळतं ते.

जुना_खांब:
ताई, अभिनंदन म्हणावं की काय म्हणावं कळत नाही, पण बरं वाटलं. एक विचारतो, हसू नका. गेले तीन महिने सकाळी उठलो की मला बेसिन धरून उभं राहावं लागतं, अंधारी येते. एकदा गुडघे टेकलेही होते, घरात सांगितलं नाही. बीपीची गोळी बारा वर्षं चालू आहे. ते आडवं आणि उभं मोजायचं वर कोणीतरी लिहिलंय, ते मशीन मनगटाला लावायचं की दंडाला?

भटकी_सावली:
दंडाला, काका. आडवे असताना पाच मिनिटं थांबून, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला, हात छातीच्या उंचीवर टेकवून. मुलाला शेजारी उभं करा, बेसिन पुरणार नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. उद्या सकाळी उठल्या उठल्या, पहिल्या गोळीच्या आधी एकदा आणि नंतर दोन तासांनी एकदा.

जुना_खांब:
मुलाला सांगावं लागेल म्हणजे. बरं. सांगतो.